बार्बिकन : निर्मनुष्य नगरातील बहुमजली वसाहतीचा इतिहास (१९४० ते २०२४)

प्रस्तावना

लंडन महानगराच्या पोटात ‘सिटी ऑफ लंडन’ या नावाचे एक वेगळे आणि प्राचीन नगर आहे. रोमन काळात वसलेल्या या नगराचे क्षेत्रफळ सुमारे एक चौरस मैल एवढेच आहे. तथापि त्याचा लॉर्ड मेयर वेगळा, पोलीस दल वेगळे आणि ‘कॉर्पोरेशन’ या नावाने ओळखली जाणारी स्थानिक स्वराज्य संस्थाही वेगळी आहे. बँका, विमा कंपन्या आणि व्यापारी पेढ्या यांचे आगर असलेल्या या नगराच्या उत्तर कडेला बार्बिकन ही वसाहत उभी आहे. सुमारे चाळीस एकरांच्या या परिसरात दोन हजारांहून किंचित अधिक सदनिका, चाळीस मजल्यांवर चढलेले तीन मनोरे, मुलींची शाळा, संगीत व नाट्य विद्यालय, ग्रंथालय, नाट्यगृह, संगीत सभागृह, तळे, बागा आणि एक मध्ययुगीन चर्च एकत्र नांदतात. निवास, शिक्षण आणि कला यांना एकाच आराखड्यात सामावून घेणारी ही विसाव्या शतकातील युरोपीय राजधान्यांमधील एक मोठी संमिश्र वसाहत होय.

बार्बिकनविषयीचे लेखन बहुधा तिच्या स्थापत्यशैलीभोवती फिरते. उघड्या काँक्रीटचे ते रूप सुंदर की कुरूप, हा वाद गेली अनेक दशके चालू आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने त्याहून मूलभूत प्रश्न निराळा आहे. जगातील अत्यंत महागड्या जमिनींपैकी एका जमिनीवर कार्यालये बांधून भरघोस भाडे मिळवण्याऐवजी एका धनाढ्य नगरसंस्थेने माणसे वसवण्याचा निर्णय का घेतला? आणि तो निर्णय नेमक्या कोणत्या माणसांसाठी होता? प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांच्या अनुषंगाने बार्बिकनच्या इतिहासाचा आढावा घेतला आहे.

ओसाड झालेले नगर

बार्बिकन या शब्दाचा अर्थ तटबंदीबाहेरील टेहळणीचा बुरूज असा आहे. सिटीच्या क्रिपलगेट या वेशीजवळ मध्ययुगात असा बुरूज होता आणि त्यावरून तेथील रस्त्याला व पुढे परिसराला हे नाव पडले. वेशीबाहेरील सेंट जाइल्स चर्चमध्ये १६२० मध्ये ऑलिव्हर क्रॉमवेलचा विवाह झाला आणि १६७४ मध्ये महाकवी जॉन मिल्टनचे दफन झाले. एकोणिसाव्या शतकात हा भाग कापड आणि तयार कपड्यांच्या व्यापाराने गजबजला. अरुंद गल्ल्या, गोदामे, छोटे कारखाने आणि त्यांच्या वरच्या मजल्यांवर राहणारे कारागीर असे त्याचे स्वरूप होते.

रेल्वेच्या आगमनानंतर मात्र सिटीतील वस्ती झपाट्याने उतरणीला लागली. कामासाठी सिटीत यायचे आणि राहायला उपनगरात जायचे, ही रीत रूढ झाली. १८५१ मध्ये सव्वा लाखाहून अधिक असलेली सिटीची लोकसंख्या १९०१ पर्यंत सुमारे सत्तावीस हजारांवर आली. जमिनीचे मोल जसजसे वाढत गेले, तसतसा तिथला माणूस उणा होत गेला.

या ऱ्हासावर दुसऱ्या महायुद्धाने शेवटचा घाव घातला. २९ डिसेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी सिटीवर आगलाव्या बॉम्बचा वर्षाव केला. तो रविवार होता. कार्यालये आणि गोदामे कुलूपबंद होती, आणि थेम्स नदीला ओहोटी असल्याने आग विझवण्यास पाणी अपुरे पडले. क्रिपलगेट परिसरातील कापडाची गोदामे भराभर पेटली. सकाळी तेथे सेंट जाइल्स चर्चच्या होरपळलेल्या भिंती आणि विटांचे ढिगारे तेवढे उरले होते. पुढे याच उद्ध्वस्त भूमीत पुरातत्त्वज्ञ डब्ल्यू. एफ. ग्राइम्स यांनी उत्खनन करून क्रिपलगेट येथील रोमन किल्ल्याचा शोध लावला.

१९५१ च्या जनगणनेत सिटीची लोकसंख्या ५,३२४ भरली आणि क्रिपलगेट प्रभागात अवघे ४८ रहिवासी आढळले. बार्बिकनच्या इतिहासाचा आरंभ खऱ्या अर्थाने याच आकड्यापासून होतो.

भाडे की रहिवासी?

रहिवाशांचा अभाव ही कॉर्पोरेशनच्या दृष्टीने केवळ सामाजिक बाब नव्हती. ज्या नगरात नागरिकच नाहीत, त्या नगराच्या स्वतंत्र अस्तित्वाचे समर्थन कसे करावयाचे, हा राजकीय पेच तिच्यापुढे होता. सिटीला पार्लमेंटमध्ये शतकानुशतके स्वतःचे प्रतिनिधित्व होते. १९५० मध्ये ते संपुष्टात आले आणि सिटीचा मतदारसंघ वेस्टमिन्स्टरशी जोडला गेला. लंडनच्या स्थानिक कारभाराच्या पुनर्रचनेसाठी १९५७ मध्ये राजकीय आयोगही नेमला गेला. अशा वातावरणात काही हजार कायम रहिवासी म्हणजे कॉर्पोरेशनला स्वतःच्या अस्तित्वाचा आधारच होता.

दुसऱ्या बाजूला जमिनीच्या उत्पन्नाचा मोह होता. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या भागाच्या दक्षिणेस ‘लंडन वॉल’ या नव्या रुंद रस्त्याकडेला काचेच्या कार्यालयीन इमारतींची रांग उभी करण्याची योजना पन्नाशीच्या दशकात आकार घेत होती. तशाच इमारती उत्तरेकडेही बांधाव्यात, असे मानणारा गट कॉर्पोरेशनमध्ये होता. १९५४ मध्ये वास्तुविशारद सर्गेई कॅडली यांच्यासह एका खाजगी गटाने जमिनीखाली अनेक मजली गोदामे व वर उंच निवासी इमारती अशी योजना मांडली होती. तीही मान्य झाली नाही.

या टप्प्यावर तीन तरुण वास्तुविशारदांचा प्रवेश होतो. पीटर चेंबरलिन, जेफ्री पॉवेल आणि क्रिस्टोफ बॉन हे तिघे किंग्स्टन येथील कलाविद्यालयात शिकवत असत. १९५२ मध्ये कॉर्पोरेशनच्या गोल्डन लेन वसाहतीची स्पर्धा पॉवेल यांनी जिंकली आणि तिघांनी मिळून आपली संस्था स्थापन केली. गोल्डन लेन ही सिटीत काम करणाऱ्या सामान्य लोकांसाठी, विशेषतः एकट्या व्यक्ती आणि जोडपी यांच्यासाठी, माफक भाड्याची वसाहत होती. बार्बिकनच्या जागेला लागूनच असलेल्या या कामामुळे त्यांच्यावर कॉर्पोरेशनचा विश्वास बसला. १९५५ व १९५६ मध्ये त्यांनी बार्बिकनसाठी प्राथमिक अहवाल सादर केले.

ऑगस्ट १९५६ मध्ये गृहनिर्माण व स्थानिक शासन खात्याचे मंत्री डंकन सँडीज यांनी लॉर्ड मेयरना पत्र लिहिले. या भूमीवर शाळा, दुकाने व मोकळ्या जागा असलेली खरीखुरी निवासी वस्ती व्हावी, त्यासाठी जमिनीच्या अधिक उत्पन्नावर पाणी सोडावे लागले तरी चालेल, असा त्या पत्राचा आशय होता. हा सल्ला देणारे सरकार हुजूर पक्षाचे होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. सप्टेंबर १९५७ मध्ये कॉर्पोरेशनच्या कॉमन कौन्सिलने निवासी वसाहतीच्या बाजूने कौल दिला. १९५९ च्या एप्रिलमध्ये वास्तुविशारदांनी सविस्तर आराखडा सादर केला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो स्वीकारला गेला.

परंतु या निर्णयाची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. बार्बिकन ही गोल्डन लेनसारखी अनुदानित घरांची योजना नव्हती. येथील सदनिका बाजारभावाच्या भाड्याने द्यावयाच्या होत्या आणि अपेक्षित भाडेकरू हे सिटीत काम करणारे सुस्थितीतील व्यावसायिक होते. कार्यालयांच्या तुलनेत कॉर्पोरेशनने उत्पन्न सोडले हे खरे. मात्र ज्या कारागीर वस्तीच्या राखेवर ही वसाहत उभी राहिली, त्या वर्गाला परत आणणे हा तिचा हेतू नव्हता.

आराखडा आणि बांधकाम

वास्तुविशारदांपुढील अडचणी साध्या नव्हत्या. जागेमधून ऑल्डर्सगेट ते मूरगेट ही रेल्वे उघड्यावरून जात होती. साठीच्या दशकाच्या पूर्वार्धात तिचे रूळ सरळ करून नव्या मार्गाने नेण्यात आले आणि त्यावर आच्छादन घालण्यात आले. अभियांत्रिकीची जबाबदारी ओव्ह अरुप यांच्या संस्थेकडे होती.

आराखड्याचे मध्यवर्ती तत्त्व वाहने आणि माणसे यांची फारकत हे होते. संपूर्ण वसाहत एका विस्तीर्ण चौथऱ्यावर उचलून घेतली गेली. मोटारी, गोदामे व सेवामार्ग त्याखाली राहिले, तर चौथऱ्यावरून आणि उन्नत मार्गांवरून पादचाऱ्यांनी निर्धास्त फिरावे अशी कल्पना होती. त्यावर तेरा लांबट इमारती अशा रचल्या गेल्या, की त्यांच्यामध्ये प्रशस्त चौक निर्माण व्हावेत. मध्यभागी तळे आणि सेंट जाइल्स चर्च आले. चर्चची पडझड दुरुस्त करून ते जपण्यात आले आणि रोमन व मध्ययुगीन तटाचे अवशेषही आराखड्यात सामावले गेले.

उत्तरेकडील तीन मनोऱ्यांना क्रॉमवेल, शेक्सपिअर आणि लॉडरडेल अशी नावे देण्यात आली. सुमारे १२३ मीटर उंचीचे हे मनोरे १९७३ ते १९७६ या काळात पूर्ण झाले. त्या वेळी युरोपातील सर्वांत उंच निवासी इमारतींमध्ये त्यांची गणना होत असे. इतर इमारतींनाही मिल्टन, डेफो, बन्यन, टॉमस मोर, बेन जॉन्सन अशी परिसराशी किंवा लंडनच्या इतिहासाशी नाते असलेली नावे मिळाली. जुन्या गल्ल्या नकाशावरून पुसल्या गेल्या, पण नामकरणातून स्मृतीचा धागा राखण्याचा हा प्रयत्न होता.

बार्बिकनच्या काँक्रीटचा खडबडीत पृष्ठभाग हा तिचा विशेष मानला जातो. साच्यातून निघालेले काँक्रीट तसेच न ठेवता त्याचा वरचा थर कामगारांनी हातातील यंत्राने टोचून काढला, जेणेकरून आतील ग्रॅनाइटची खडी दिसावी. पाथरवटाने टाकीने दगड घडवावा, तसे हे काम एकरच्या एकर भिंतींवर करण्यात आले. या वसाहतीचा खर्च आणि विलंब यांत अशा श्रमांचा वाटा मोठा होता.

१९६६–६७ मध्ये बार्बिकनच्या एका टप्प्यावर कामगार आणि कंत्राटदार यांच्यात दीर्घ संघर्ष झाला. काम वर्षभर ठप्प झाले आणि शासनाला लॉर्ड कॅमेरॉन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी न्यायालय नेमावे लागले. वसाहतीच्या गौरवपर वर्णनात हा संघर्ष क्वचितच येतो. परंतु ज्यांच्या हातांनी ती घडली त्यांच्या इतिहासाशिवाय बार्बिकनचा इतिहास अपुरा राहील.

पहिले भाडेकरू १९६९ मध्ये राहायला आले. त्याच वर्षी सिटी ऑफ लंडन स्कूल फॉर गर्ल्स ही शाळा येथील नव्या इमारतीत आली आणि १९७७ मध्ये गिल्डहॉल संगीत व नाट्य विद्यालय स्थलांतरित झाले.

कलाकेंद्राचा विस्तार

मूळ आराखड्यात कलेला स्थान होते, पण ते मर्यादित होते. विद्यालयाच्या गरजा भागवतील एवढे नाट्यगृह व सभागृह असावे, अशी कल्पना होती. १९६४ मध्ये नाट्यदिग्दर्शक अँथनी बेश यांच्या अहवालानंतर ही कल्पना विस्तारली. लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा आणि रॉयल शेक्सपिअर कंपनी या नामवंत संस्थांना येथे कायमचे घर द्यावयाचे ठरले. घरांच्या आराखड्यात मागाहून एवढे मोठे केंद्र बसवणे अवघड होते, म्हणून त्याचा बराच भाग जमिनीखाली खोल नेण्यात आला. नाट्यगृहाचे नेपथ्य वर ओढून घेण्यासाठी लागणारा उंच मनोरा मात्र जमिनीवर डोके काढून राहिला. त्याभोवती काचघर बांधून त्यात वृक्षवेलींची लागवड करण्यात आली. अडचणीतून निघालेली ही तोड आज बार्बिकनचे एक आकर्षण ठरली आहे.

कलाकेंद्राचे बांधकाम १९७१ मध्ये सुरू झाले. महागाई, संप आणि बदलते आराखडे यांमुळे खर्च पंधरा कोटी पौंडांच्या पुढे गेला. ३ मार्च १९८२ रोजी राणी दुसरी एलिझाबेथ यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. चेंबरलिन यांचे १९७८ मध्येच निधन झाले होते. केंद्र सुरू झाल्यावर पाहुण्यांना त्याचे प्रवेशद्वार सापडेना, म्हणून उन्नत मार्गांवर पिवळ्या रेषा आखाव्या लागल्या. रहिवाशांना शांतता देणारी रचना बाहेरच्याला चक्रव्यूह वाटावी, हा या आराखड्यातील अंतर्विरोध होय. तरीही वर्षानुवर्षे सर्व थरांतील रसिक त्या रेषांच्या मागोमाग आत येत राहिले. महाग भाड्याच्या या वसाहतीत सर्वसामान्यांना प्रवेश मिळाला तो या केंद्रामुळेच.

भाडेकरूंचे मालक होणे

बार्बिकन पूर्ण होत असताना ब्रिटनमध्ये उंच निवासी इमारतींविषयीचे मत झपाट्याने बदलत होते. १९५६ च्या कायद्याने इमारत जितकी उंच तितके अनुदान अधिक, असे धोरण आणले होते. त्यामुळे स्थानिक संस्थांनी घाईघाईने मनोरे उभे केले. १६ मे १९६८ रोजी पूर्व लंडनमधील रोनन पॉइंट या बावीस मजली इमारतीचा एक कोपरा वायुस्फोटाने कोसळला आणि चार जणांचा बळी गेला. त्यानंतर बहुमजली सार्वजनिक घरे ही हलाखीची आणि दुर्लक्षाची खूण बनली.

त्याच काळातले, त्याच काँक्रीटचे बार्बिकन मात्र टिकले. याचे श्रेय केवळ उत्तम आराखड्याला देता येणार नाही. येथे बांधकामात घाई झाली नाही. देखभालीसाठी सेवकवर्ग होता आणि मालक संस्था श्रीमंत होती. उंच इमारतीतील जीवन सुसह्य होते की असह्य, हे मजल्यांच्या संख्येपेक्षा उद्वाहक, जलवाहिन्या आणि जिने यांच्यावर दरवर्षी होणाऱ्या खर्चावर अवलंबून असते. दोन प्रकारच्या मनोऱ्यांच्या भिन्न भाग्यातून हेच स्पष्ट होते.

१९८० च्या गृहनिर्माण कायद्याने स्थानिक संस्थांच्या भाडेकरूंना आपली घरे सवलतीच्या किमतीत विकत घेण्याचा हक्क दिला. बार्बिकनची मालकी स्थानिक संस्थेची असल्याने हा कायदा येथेही लागू झाला. पुढील दशकांत बहुतेक सदनिका दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर विकल्या गेल्या आणि जमिनीची मालकी तेवढी कॉर्पोरेशनकडे राहिली. गरजू भाडेकरूंसाठी म्हणून मांडल्या गेलेल्या कायद्याचा लाभ येथे सुस्थितीतील वर्गाला झाला. सार्वजनिक धनाने उभ्या राहिलेल्या या सदनिका खाजगी बाजारातील महागड्या मालमत्ता बनल्या.

२००१ मध्ये बार्बिकनला संरक्षित वास्तूचा द्वितीय श्रेणीचा दर्जा मिळाला. गंमत अशी, की २००३ मध्ये एका जनमत चाचणीत तिला लंडनमधील सर्वांत कुरूप इमारत ठरवण्यात आले आणि त्याच वर्षी तिच्या बागा व चौक यांना भूदृश्य म्हणून उच्चतर श्रेणीचे संरक्षण मिळाले.

निष्कर्ष

बार्बिकनची उभारणी ज्या राजकीय चिंतेतून झाली, तिचा निकाल संमिश्र लागला. १९६३ च्या लंडन शासन कायद्याने सिटीचे स्वतंत्र अस्तित्व अबाधित ठेवले. २०२१ च्या जनगणनेत सिटीची लोकसंख्या सुमारे ८,६०० भरली आणि त्यात बार्बिकनच्या रहिवाशांचा वाटा मोठा होता. परंतु रहिवासी आले तरी कारभार त्यांच्या हाती आला नाही. इंग्लंडमध्ये अन्यत्र १९६९ मध्ये रद्द झालेला व्यापारी पेढ्यांचा मताधिकार सिटीत कायम राहिला, आणि २००२ च्या कायद्याने तो विस्तारला गेला. पंचवीस प्रभागांपैकी अवघे चार प्रभाग निवासी समजले जातात. नगराला नगरपण देण्यासाठी ज्यांना बोलावले, ते त्याच्या निर्णयांत अल्पमतातच राहिले.

याचा प्रत्यय अलीकडेच आला. बार्बिकनच्या नैर्ऋत्य कोपऱ्याला लागून १९७६ मध्ये सुरू झालेले लंडन संग्रहालय डिसेंबर २०२२ मध्ये तेथून हलवण्यासाठी बंद झाले. ती वास्तू आणि शेजारची बॅस्टियन हाउस ही इमारत पाडून तेथे प्रामुख्याने कार्यालये बांधण्याच्या योजनेला रहिवाशांनी तीव्र विरोध केला. असे असूनही एप्रिल २०२४ मध्ये कॉर्पोरेशनच्या नियोजन समितीने तिला मान्यता दिली. १९५७ मध्ये कॉमन कौन्सिलपुढे जो प्रश्न होता, तोच प्रश्न सहा-सात दशकांनी पुन्हा उभा राहिला. या वेळी उत्तर निराळे मिळाले.

सारांश, बार्बिकनच्या इतिहासातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. जमिनीचे सर्वाधिक भाडे देणारा वापर हाच एकमेव शक्य वापर असतो, हे गृहीतक सार्वजनिक संस्था ठरवून मोडू शकते, हे बार्बिकनने सिद्ध केले. मात्र कोणासाठी बांधावयाचे याचे उत्तर आरंभीच नीट दिले नाही, तर उत्तमोत्तम वसाहतीचा सामाजिक लाभही थोड्यांच्या वाट्याला जातो, हेही तिनेच दाखवून दिले. ४८ रहिवाशांच्या प्रभागात चार हजार माणसे आणणे ही मोठी सिद्धी होती यात शंका नाही. पण नगर पुन्हा वसले असे म्हणण्यासाठी त्या माणसांत सर्व थरांचे लोक असावे लागतात आणि नगराच्या निर्णयांत त्यांचा शब्द चालावा लागतो. या कसोटीवर बार्बिकनचे कार्य आजही अपुरेच आहे.